आपला खाडा, त्यांची रजा

(पावसाळ्याआधी झालेल्या कार्यकर्ता शिबिरात आरोग्याच्या प्रश्नावर झालेलं भाषण. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवावं.)



सकाळपासून आपण प्लॉटच्या केसेसवर बोललो. आता दवाखान्यावर बोलायचं आहे. काही जण म्हणतील, जमिनीच्या संघटनेत डॉक्टरची गोष्ट कशाला? जरा थांबा. शेवटी तुम्हीच सांगाल ही गोष्ट जमिनीची आहे का नाही ते.

आधी एक साधा सवाल. तुमच्या पाड्यावरचा मास्तर मागच्या वर्षी किती दिवस शाळेत नव्हता? विचारलं तर कागद निघतो. मास्तर वैद्यकीय रजेवर होते. डॉक्टरचा दाखला जोडलेला आहे. सरकारी नोकराला वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा साठते. डॉक्टरचा दाखला जोडला तर त्यातले दोन दिवस देऊन एक दिवस पुऱ्या पगाराची रजा घेता येते. १९८१ सालच्या रजेच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. रजा संपली की 'आता हा माणूस कामाला लायक आहे' असा दुसरा दाखला द्यायचा आणि हजर व्हायचं. आमचं त्याबद्दल वाईट मत नाही. माणूस आजारी पडतो, त्याला विश्रांती पाहिजे, आणि विश्रांतीत त्याची चूल बंद पडता कामा नये. नियम चांगलाच आहे.

ठाणे-कल्याणच्या कारखान्यातला कामगारही घ्या. त्याच्यासाठी १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला. त्याच्या पगारातून थोडं कापतात, मालक थोडं भरतो. आजारी पडला तर विम्याच्या डॉक्टरचा दाखला देऊन वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराचा ठरलेला हिस्सा मिळतो. तो हक्क कामगारांनी लढून मिळवला.

आता आपलं बघा. वीटभट्टीवर, गवत कापणीवर, रेतीवर आपल्यातल्या कुणी त्या विम्याचं कार्ड पाहिलंय का? हंगामी कारखान्याला तर तो कायदा लागूच नाही. आपल्याकडे रजा नावाची गोष्टच नाही. आपल्याकडे खाडा आहे. आजार एकच, ताप एकच. त्यांच्या तापाला रजा म्हणतात, आपल्या तापाला खाडा.

आणि भट्टीवर तर जोडपं असतं. बाई तापाने पडली की बाबाही एकटा थापू शकत नाही. म्हणून एक आजारी आणि खाडे दोन. त्यावर काही शेठ दंडही लावतात. खर्ची बंद करतात. आगोटीला हिशेब होतो तेव्हा कळतं, चार महिने राबून अंगावर उलटी बाकी निघाली. पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जायचं.

मागच्या हंगामात आपल्या एका जोडप्याचं असंच झालं. बाईला हिवताप. चार दिवस झोपडीत पडून. बाबाने शहाणपण केलं, पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, केसपेपर घेतला आणि तो पिशवीत ठेवला. हिशेबाला शेठने खाडे लावले, वर दंड लावला, म्हणाला तुम्ही बाजारात फिरत होता. आपण दहा जण गेलो. केसपेपर पुढे ठेवला. त्यावर तारीख होती, शिक्का होता. शेठने दंड सोडला. खाड्याचे पैसे दिले नाहीत, ते आपण मिळवू शकलो नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण 'बाजारात फिरत होता' हे त्याला परत घ्यावं लागलं. कागद नसता तर तेवढंही झालं नसतं.

इथे एक पक्कं लक्षात ठेवा. अंगावर उचल आहे म्हणून आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ देत नाही असं कुणी शेठ, कुणी मुकादम म्हणाला, तर ती वेठबिगारी आहे. १९७६ सालच्या कायद्याने वेठबिगारी बंद केलेली आहे आणि त्या उचलीचं कर्जही त्या कायद्याने मोडीत निघतं. तक्रार तहसीलदाराकडे, प्रांताकडे, कलेक्टरकडे करायची. तोंडी नाही. लेखी.

आता रोजगार हमीचं. बंधाऱ्यावर, रस्त्यावर आपण जातो. रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू आहे. त्यात कामावर इजा झाली तर औषधपाणी फुकट मिळालं पाहिजे. दवाखान्यात ठेवावं लागलं तर राहणं आणि खाणं सरकारचं, आणि वर निम्म्या मजुरीइतका भत्ता. साध्या तापाला तिथेही काही नाही. पण पायावर दगड पडला, सुरुंगाची कपची डोळ्यात गेली, तर हक्क आहे. मग तो आपल्याला का मिळत नाही? कारण इजा झाली की आपण काय करतो? हळद भरतो, फडकं बांधतो, घरी येतो. पाय सुजला की बाजारच्या डॉक्टरकडे जातो. तो सुई मारतो, सलाईन लावतो, पैसे घेतो आणि हातात काही देत नाही. महिन्याने आपण मिस्त्रीला म्हणतो, कामावर लागलं होतं. मिस्त्री म्हणतो, कशावरून? मस्टरवर त्या दिवशी तुझी हजेरी पूर्ण दिसते!

म्हणून इजा झाली की त्याच दिवशी तीन गोष्टी. मिस्त्रीला सांगून नोंद करायला लावायची. सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढायचा. आणि डॉक्टरला सांगायचं की हे अमुक कामावर, अमुक वाजता लागलं, तसं लिहा. खाणीत, बांधकामावर, यंत्रावर खासगी मालकाकडे इजा झाली तर नुकसानभरपाईचा कायदा आहे. त्याचा दावा ठरलेल्या मुदतीत लावावा लागतो. तिथेही पहिला सवाल हाच, कागद कुठे आहे?

आता आपल्या मोठ्या दुखण्याकडे येऊ. फॉरेस्टवाल्यांशी झगडा झाला, मारहाण झाली, त्याचं.

आपल्या एका पाड्यावर प्लॉट काढायला गार्ड आणि पोलीस आले होते. एका बाबाच्या हाताचं हाड मोडलं. बाबा दवाखान्यात गेला. डॉक्टरने विचारलं, काय झालं? बाबा घाबरलेला, बाहेर पोलीस उभे. बाबा म्हणाला, पडलो. डॉक्टरने लिहिलं, पडून लागलं. पुढे आपण केस केली. कोर्टात तोच कागद आला. साक्षीदार होते, पाडा साक्षीला होता, पण कागद म्हणत होता की हा माणूस स्वतः पडला. केस गेली. त्यात डॉक्टरने काही खोटं केलं नव्हतं. आपण सांगितलं तेच त्याने लिहिलं. आपण आदल्या रात्री कुणालाच हे शिकवलं नव्हतं. चूक संघटनेची होती.

तेव्हा हे पाठ करा. कोणी मारलं, कशाने मारलं, कुठे मारलं, कधी मारलं, हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं. अंगावरचा एकेक वण दाखवायचा. बाईला मारलं असेल तर सोबत बाई जाईल, मागे कुणी लाजायचं नाही. डॉक्टर मारहाणीची केस वेगळ्या रजिस्टरला लिहितो आणि पोलिसांना कळवतो. तुमच्या कागदावर त्या रजिस्टरचा नंबर लिहून घ्या. जखमांचा दाखला पुढे पोलिसांकडे जातो, पण नंबर तुमच्याकडे असला की तो दाबून टाकणं अवघड जातं.

काही ठिकाणी सांगतात, आधी पोलिसांची यादी आणा, मग हात लावू. जखमी माणूस बाहेर बाकड्यावर आणि आपण ठाण्याच्या वाऱ्या करतोय, असं झालेलं आहे. यापुढे ऐकून घ्यायचं नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या केसमध्ये साफ सांगितलं आहे. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं होतं. जवळच्या दवाखान्याने पोलीस-केस म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवर पाठवलं, तो वाटेत मेला. त्यावर कोर्ट म्हणालं, आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो, खासगी असो, सगळ्या डॉक्टरांना हे लागू आहे. हे वाक्य दवाखान्यात शांतपणे सांगा. आरडाओरड नको. डॉक्टरच्या अंगावर जायचं नाही. सांगायचं आणि तिथेच बसून राहायचं.

आणि अटक झाली तर? चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे, हे घटनेत लिहिलेलं आहे. उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारो न विचारो, आपण तोंड उघडायचं. साहेब, मला मारलंय, माझी डॉक्टरी तपासणी करा. फौजदारी कायद्याप्रमाणे तो आपला हक्क आहे. कलमाचा नंबर विसरलात तरी चालेल. मागणी विसरू नका.

आता जे सांगायचं आहे ते ऐकायला जड जाईल. पण घरातली गोष्ट घरात बोलली पाहिजे.

फॉरेस्टच्या केसेसच्या तारखा असतात. तारखेला गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं. आपल्यातल्या काही जणांनी सोपी वाट काढली. तालुक्याच्या बाजारात एक डॉक्टर होता, पैसे दिले की आजारी असल्याचा दाखला द्यायचा. आवणी आहे, लग्न आहे, एसटी चुकली, घ्या दाखला. आम्ही कार्यकर्त्यांनी हे पाहिलं आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर एकदोन वेळा आम्हीच पाठवलं. म्हणालो, कोर्टाला काय कळतंय!

मग एका तारखेला एकाच केसमधल्या सात जणांचे सात दाखले गेले. एकाच डॉक्टरचे, एकाच तारखेचे, सातही जणांना एकच पोटदुखी. सरकारी वकील हसला, कोर्ट हसलं नाही. सातही जणांना वॉरंट निघालं. ते सोसता आलं असतं. पण पुढच्या महिन्यात आपल्या एका बाईला खरोखर हिवताप झाला. बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. उभंही राहता येत नव्हतं. तिचा दाखला प्राथमिक आरोग्य केंद्राचा होता, खरा होता. पण त्या पाड्याच्या दाखल्यावर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता. तिच्यावरही वॉरंट निघालं. पोलीस पाड्यावर आले. अंगात ताप, कडेला तान्हं पोर, अशी तिला जीपमध्ये बसवून नेली.

आमच्या खोट्या कागदांनी तिचा खरा कागद खाल्ला. हे आम्ही तिला जाऊन सांगितलं आहे आणि आज इथे सगळ्यांपुढे सांगतोय.

म्हणून आजपासून संघटनेचा निर्णय. आजार नसताना दाखला कुणी घ्यायचा नाही, कुणी मिळवून द्यायचा नाही. तारखेला जमत नसेल तर खरं कारण सांगून वकिलामार्फत गैरहजेरीचा अर्ज द्यायचा. कोर्ट मान्य करेल किंवा नाही करणार. पण आजारी माणसासाठी दाखल्याची वाट उघडी राहिली पाहिजे. आणि आपणच खोटे कागद केले तर दुसऱ्याच्या खोट्या कागदावर बोट कसं ठेवणार? पाड्यावर तापाची पाहणी करायला माणूस येतो, घराच्या भिंतीवर तारीख लिहून जातो. एका पाड्यावर आम्ही बघितलं, चार पंधरवड्यांच्या चार तारखा एकाच पेन्सिलीने, एकाच दिवशी लिहिलेल्या. कागदावर पाडा चार वेळा तपासला गेला. तिकडे मुलं तापाने फणफणत होती. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीला बालकं मेली ती आपण सगळ्यांनी पाहिली. खोट्या नोंदीने माणसं मरतात. मग तो धंदा आपण कसा करायचा?

आता खरा दाखला कसा मिळवायचा ते ऐका.

पहिलं, आजारी पडल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. आपण काय करतो, चार दिवस भगताकडे, ताप उतरला की डॉक्टरकडे, आणि म्हणतो मागच्या सोमवारपासूनचं लिहून द्या. डॉक्टर म्हणतो, मी तुला आज पाहिलं, मागची तारीख कशी टाकू? तो बरोबर बोलतो. भगताकडे जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. ज्याचा त्याचा विश्वास. पण केसपेपर आधी काढा.

दुसरं, नदीला पूर आहे, डोली करायला माणसं नाहीत, अशा वेळी उपकेंद्राच्या नर्सबाईला निरोप द्या. तिने पाहिलं, गोळ्या दिल्या, रक्ताचा नमुना घेतला, तर तिच्या रजिस्टरला तुमचं नाव तारखेसह लागलं का ते बघा. तीही नोंदच आहे.

तिसरं, दाखला हातात आल्यावर तिथेच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचणारं पोर बरोबर न्या. त्यावर नाव, गाव, वय, अंगावरची ओळखीची खूण, आजार, कोणत्या तारखेपासून किती दिवस विश्रांती, केसपेपरचा नंबर, डॉक्टरची सही, त्याचा नोंदणी नंबर आणि शिक्का, एवढं पाहिजे. तारीख नसली तर तो कागद चूल पेटवायच्या कामाचा.

चौथं, सरकारी दवाखान्यात केसपेपरची जी ठरलेली फी असेल ती द्या आणि पावती मागा. पावती मिळत नसेल तर तो पैसा सरकारचा नाही. दाखल्याला 'चहापाणी' मागितलं तर देऊ नका, पण एकट्याने भांडूही नका. बाहेर या, पाड्याला सांगा, दुसऱ्या दिवशी वीस जण जाऊ.

पण दवाखान्यात डॉक्टरच नसेल तर? हा खरा सवाल आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असं सरकारचंच माप आहे. इमारत बऱ्याच ठिकाणी उभी आहे. आतला माणूस मात्र शनिवारी दुपारी तालुक्याला जातो आणि सोमवारी उशिरा येतो. हिवताप रविवार बघून येत नाही. विंचू, साप सुट्टी बघत नाहीत.

आम्हाला डॉक्टरशी वैर नाही. नवीन लागलेला पोरगेला डॉक्टर, राहायची खोली गळते, जीपला डिझेल नाही, औषधाची पेटी अर्धी रिकामी येते. त्याचीही गाऱ्हाणी आहेत. ती आपण आपल्या अर्जात घालू. खोली दुरुस्त करा, डिझेल द्या, औषधं द्या, आणि मग डॉक्टरला मुक्कामी ठेवा. त्याला आपल्या बाजूला घेतलं तर उद्या मारहाणीच्या दाखल्यावर वरून दाब आला तरी तो खरं लिहायची हिंमत करील.

तेव्हा पावसाआधी करायची कामं सांगतो. प्रत्येक पाड्याने एक वही घालायची. वाचता-लिहिता येणाऱ्या एका पोरीने किंवा पोराने ती ठेवायची. कोण कधी आजारी पडलं, दवाखान्यात कधी गेलं, डॉक्टर होता का नव्हता, नर्सबाई पाड्यावर कधी आली, एवढंच लिहायचं. आली असेल तर आली म्हणून लिहायचं, राग काढायचा नाही. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र करून जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जायचं. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक त्यांना, दुसरीवर पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

शेवटचं, आणि सकाळच्या विषयाकडे परत येतो. आपल्या आजा-बापाला फॉरेस्टवाल्याने राब केला म्हणून, नांगर घातला म्हणून दंड केला. पावती दिली. ती पावती बघून राग यायचा. कुणी फाडली, कुणी विडी पेटवली, कुणाची झोपडीच्या छपरात खोचलेली उंदराने खाल्ली. मग १९७८ चा सरकारी ठराव आला आणि जुनी कसणूक दाखवा म्हणाले. तेव्हा तीच दंडाची पावती पुरावा झाली. ज्याच्या छपरात ती उरली होती त्याचं नाव यादीत आलं. ज्याची गेली तो अजून तारखा करतोय. जमीन दोघांनीही सारखीच कसली होती.

केसपेपरचंही तसंच आहे. आज तो तुम्हाला तापाचा कागद वाटतो. उद्या तोच सांगेल, की या तारखेला हा माणूस या गावात राहत होता, या हाताला लागलं होतं, या बाईला खरंच ताप होता. म्हणून प्लॉटचे कागद ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवता त्याच पिशवीत दवाखान्याचे कागद ठेवा. पिशवी छपरात नको. उंदीर लागतो. पत्र्याच्या पेटीत ठेवा.

आजारपणाची रजा आपल्याला आज कुणी देत नाही. ती मागणी आपण लावून धरू. भट्टीवरच्या, कापणीवरच्या मजुराला आजारात निम्मा तरी रोज मिळाला पाहिजे, बाळंतिणीला विश्रांती मिळाली पाहिजे, ही मागणी या शिबिरातून पुढे जाईल. पण त्याआधी आपला आजार खरा आहे हे आपल्याच खऱ्या कागदाने दाखवू. कुणी पाड्यावर जाऊन या बोलण्यातलं एवढंच सांगितलं तरी पुरे आहे. आजारी पडलात तर कागद काढा, आजारी नसाल तर कागद काढू नका.

जिंदाबाद!